ड्युर्नश्टाइनला बोट चार तास थांबते: तेवढ्या वेळात गाव नीट कसं पाहावं

व्हिएन्ना ते पासाऊ या टप्प्यावरच्या डॅन्यूब क्रूझ ऑस्ट्रियातल्या वाखाऊ खोऱ्यातून जातात. मेल्क ते क्रेम्स असा हा जेमतेम ३६ किलोमीटरचा पट्टा आहे. त्यात उत्तर काठावर ड्युर्नश्टाइन नावाचं एक गाव आहे: कड्यावर पडका किल्ला, खाली निळ्या मनोऱ्याचा मठ, मध्ये एकच मुख्य रस्ता. बोट इथे तीन-चार तास थांबते. एवढंसं गाव, त्याला कितीसा वेळ लागणार, असं वाटतं आणि तिथेच गणित चुकतं. पहिल्या खेपेला मी दोन तास दुकानांत घालवले आणि किल्ला खालूनच पाहून परतले. दुसऱ्यांदा गेले तेव्हा क्रम उलटा केला: आधी किल्ला, मग मठ, आणि खरेदी अगदी शेवटी. जे गाव पहिल्या वेळी भेटवस्तूंचा बाजार वाटलं होतं, ते त्या दिवशी मला खरं कळलं. म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहिते आहे.

आदल्या रात्री

जेवणानंतर बोटीवर दुसऱ्या दिवसाचं छापील वेळापत्रक मिळतं. त्यात तीन गोष्टी शोधा. बोट किती वाजता लागणार, सगळ्यांनी परत किती वाजता यायचं, आणि मधल्या काळात बोट जागची हलणार आहे का. तिसरी गोष्ट बरेच जण वाचतच नाहीत. वाखाऊमध्ये अनेकदा प्रवाशांना ड्युर्नश्टाइनला उतरवून बोट क्रेम्स किंवा मेल्कला जाऊन थांबते आणि सहलीची बस लोकांना तिकडे आणून सोडते. तुम्ही सहल न घेता स्वतंत्र फिरणार असाल, तर हे रिसेप्शनला स्पष्ट विचारून घ्या. उतरलो तिथेच बोट असेल हे गृहीत धरू नका.

नदीच्या पाण्याचाही अंदाज घ्या. ऑस्ट्रियातल्या डॅन्यूबवर ठिकठिकाणी वीजनिर्मितीचे बंधारे आहेत. नदी मोकळी वाहते ती फक्त दोन टप्प्यांत, वाखाऊत आणि व्हिएन्नाच्या पूर्वेला. इथेही बंधारा घालायचा बेत होता, पण १९७० च्या दशकापासून रहिवाशांनी त्याविरुद्ध लढा दिला आणि खोरं वाचवलं. आज दिसणारं सौंदर्य त्यांच्यामुळे टिकलं आहे. मोकळ्या नदीची दुसरी बाजू अशी की पाणी फार चढलं किंवा फार उतरलं तर बोटीचा थांबा बदलू शकतो. असं झालं तर बोटीवरच्या माणसांवर चिडू नका, त्यांच्या हातात काही नसतं. क्रेम्सला थांबलात तर ड्युर्नश्टाइन तिथून आठेक किलोमीटरवर आहे. क्रेम्स ते मेल्क धावणारी बस उत्तर काठाने जाते आणि ड्युर्नश्टाइनला थांबते. वेळापत्रक मात्र आदल्या रात्रीच पाहून ठेवा, कारण शनिवार-रविवारच्या वेळा वेगळ्या असतात.

पिशवी हलकी हवी. पाण्याची बाटली, टोपी, रबरी तळव्याचे घट्ट बूट, थोडे सुटे युरो, बोटीचं कार्ड आणि पासपोर्टची छायाप्रत. मूळ पासपोर्ट बहुधा रिसेप्शनकडे जमा असतो, आणि नसला तरी तो खोलीतल्या तिजोरीत बरा. ऑस्ट्रियात नळाचं पाणी निर्धास्त पिता येतं, तेव्हा बाटली बोटीवरच भरून घ्या. आपत्कालीन क्रमांक ११२, रुग्णवाहिकेसाठी १४४. ते फोनमध्ये साठवाच, आणि बोटीच्या रिसेप्शनचा नंबरही.

बोटीवरून उतरताना

गर्दीच्या दिवसांत धक्क्यावर जागा कमी पडते आणि बोटी एकमेकींना खेटून लावतात. मग तुम्हाला दुसऱ्या, कधी तिसऱ्या बोटीच्या लॉबीतून किंवा गच्चीवरून काठावर जावं लागतं. यात दहा मिनिटं सहज जातात, येतानाही जातात. काठावर पाय ठेवला की मागे वळून धक्क्याचा फोटो काढा. फलकावरचा क्रमांक आणि आपल्या बोटीचं नाव दोन्ही त्यात दिसू द्या, कारण नदीवरच्या बोटी लांबून सगळ्या सारख्याच दिसतात. काठाने चालताना नदीच्या किलोमीटरच्या पाट्या दिसतात. त्यावरचा आकडा २००० च्या पुढचा असतो, कारण डॅन्यूबचं अंतर उगमापासून नाही तर काळ्या समुद्राकडच्या मुखापासून मोजतात.

आता वेळेचा हिशेब उलटा मांडा. समजा बोट ९ ला लागली आणि १२:३० ला परत यायचं आहे. १२:१० ला धक्क्यावर असायचं असं मनाशी पक्कं करा. म्हणजे ११:३० पर्यंत मठ आटोपलेला हवा आणि १०:४५ पर्यंत किल्ल्यावरून खाली आलेलं हवं. फोनवर या तीन वेळांचे गजर लावून टाका. इथे उशीर झाला तर बोट थांबेलच असं नाही, आणि पुढचं बंदर गाठायचा खर्च तुमचा.

सर्वांत आधी किल्ला

धक्क्यावरून पायऱ्या किंवा चढ चढून मुख्य रस्त्यावर या आणि गावाच्या पूर्व टोकाची वेस गाठा. तिचं नाव क्रेम्सर टोअर, म्हणजे क्रेम्सच्या दिशेचा दरवाजा. तिच्याजवळूनच किल्ल्याची वाट सुटते. पाटीवर ‘रुइने’, म्हणजे अवशेष, असं लिहिलेलं असतं. गावाची जुनी तटबंदी इथूनच डोंगरावर चढत किल्ल्याला जाऊन भिडते. चढताना ती बाजूला ठेवून चाललात की गाव आणि किल्ला ही एकाच संरक्षणाची दोन टोकं होती हे न सांगता कळतं.

चढ नदीपासून साधारण दीडशे मीटर उंचीचा. बेताच्या चालीने अर्धा तास, उतरायला वीस मिनिटं. वाट दगडी पायऱ्यांची आणि खडकाळ आहे, पावसानंतर निसरडी होते. उतार दक्षिणेकडे तोंड करून असल्याने उन्हाळ्यात अकरानंतर खडक तापतो, सकाळी आधी इथे यायचं हेही एक कारण. प्रवेशाला तिकीट नाही, दाराला कुलूप नाही. वर पाणी किंवा खाणं मिळेल या भरवशावर राहू नका. कठडे सगळीकडे नाहीत, लहान मुलांचा हात सोडू नका. वाटेत माहितीचे फलक आहेत. सगळे वाचत बसलात तर वेळ पुरणार नाही, म्हणून त्यातली मुख्य हकिगत इथेच सांगते.

इंग्लंडचा राजा रिचर्ड, ज्याला सिंहहृदयी म्हणत, तिसऱ्या धर्मयुद्धात लढत होता. ११९१ मध्ये आक्रे शहर पडलं तेव्हा ऑस्ट्रियाचा ड्यूक लिओपोल्ड पाचवा यानेही आपलं निशाण तटावर लावलं. रिचर्डच्या माणसांनी ते निशाण खाली फेकलं. बरोबरीचा मान मागणाऱ्या ड्यूकचा तो उघड अपमान होता आणि लिओपोल्डने तो मनात धरला. पुढल्या वर्षी रिचर्ड वेष पालटून घरी निघाला आणि ११९२ च्या डिसेंबरमध्ये व्हिएन्नाजवळ नेमका लिओपोल्डच्याच मुलखात सापडला. ड्यूकने त्याला आपला सरदार कुएनरिंगचा हाडमार दुसरा याच्या ताब्यात या किल्ल्यात ठेवलं. ११९३ च्या मार्चमध्ये त्याला सम्राट हेन्री सहावा याच्या हवाली केलं. खंडणी ठरली दीड लाख मार्क चांदी; मार्क हे तेव्हाचं चांदीचं वजन. त्यातले एक लाख मार्क, म्हणजे कोलोन या जर्मन शहराच्या मापाने जवळपास २३ टन, चुकते झाल्यावर ११९४ च्या फेब्रुवारीत राजा सुटला. लिओपोल्डच्या वाट्याच्या चांदीतून व्हिएन्नाची तटबंदी वाढली आणि वीनर नॉयश्टाट हे नवं शहर उभं राहिलं. धर्मयोद्ध्याला कैद केल्याबद्दल पोपने लिओपोल्डला बहिष्कृत केलं, आणि ११९४ संपता संपता घोड्यावरून पडल्याच्या दुखापतीने तो मेला.

ब्लोंडेल नावाचा भाट किल्ल्याकिल्ल्याखाली गाणं म्हणत फिरला आणि आतून राजाने पुढचं कडवं म्हटलं म्हणून त्याचा पत्ता लागला, ही गोष्ट गावात प्रत्येक गाईड सांगतो. ती दंतकथा आहे, नंतरच्या शतकात रचलेली. तरीही वर पोचल्यावर वाऱ्याचा आवाज ऐकताना ती आठवतेच, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही.

किल्ला पडका का, याचं उत्तर १६४५ मध्ये आहे. तीस वर्षांच्या युद्धाच्या अखेरीस टोर्स्टेनसनच्या स्वीडिश सैन्याने तो उद्ध्वस्त केला आणि पुन्हा कोणी बांधला नाही. माथ्यावर उभं राहून नदीकडे तोंड करा. डॅन्यूब गावाला वळसा घालते ते इथूनच नीट दिसतं. समोर पलीकडच्या सपाटीवर रोसात्स गाव, डावीकडे पूर्वेला लोइबेनचे द्राक्षमळे. त्याच मळ्यांत ११ नोव्हेंबर १८०५ रोजी नेपोलियनचा मार्शल मोर्तिए आणि कुतुझोव्हचं रशियन-ऑस्ट्रियन सैन्य यांची लढाई झाली आणि दोन्ही बाजूंनी विजय आपलाच म्हणून सांगितला. डोंगर आणि नदी यांच्यामधली चिंचोळी जागा वरून पाहिली की फौज इथे कशी अडकते ते लक्षात येतं.

गुडघे साथ देत नसतील तर चढू नका, आणि त्याचं वाईटही वाटून घेऊ नका. माझी आई चढली नाही. ती मठाच्या नदीकडच्या गच्चीत तासभर बसली होती, आणि आजही सगळ्या सफरीतली तीच जागा तिला आधी आठवते.

मग मठ

उतरल्यावर मुख्य रस्त्याने पश्चिमेकडे मठापर्यंत या. हा ऑगस्टिनियन मठ १४१० मध्ये स्थापन झाला. आज दिसतं ते बारोक, म्हणजे भरघोस नक्षीच्या शैलीचं रूप प्रमुख धर्मगुरू हिएरोनिमुस उबेलबाखर याने १८व्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात दिलं. जोसेफ मुंगेनास्ट, माथियास श्टाइनल आणि मेल्कचा प्रचंड मठ बांधणारा याकोब प्रांडटाउअर, अशा त्या काळच्या मोठ्या वास्तुविशारदांचा या कामात हात होता. १७८८ मध्ये सम्राट जोसेफ दुसरा याच्या मठ बंद करण्याच्या धोरणात हा मठ बंद झाला आणि हेर्त्सोगेनबुर्गच्या मठाकडे गेला. मनोऱ्याचा निळा-पांढरा रंग २०व्या शतकाच्या अखेरीच्या जीर्णोद्धारातला आहे, जुन्या छायाचित्रांत तो तुम्हाला असा दिसणार नाही.

आत जायला तिकीट लागतं आणि हिवाळ्यात बहुधा बंद असतो. वेळ कमी असेल तर माझा आग्रह असा: प्रदर्शनातून भरभर चाला, अंगणात दोन मिनिटं थांबा आणि उरलेला वेळ गच्चीवर द्या. तिथे निळा मनोरा अगदी हाताशी येतो आणि खालून नदी जाते. क्रूझच्या वेळापत्रकात मेल्कचा मठही असेल, तर तिथला भव्यपणा आणि इथला लहानपणा यांची तुलना मनात आपोआप होते. मला हा जास्त भावतो, कारण हा माणसाच्या मापाचा आहे.

फोटोबद्दल एक सांगते. मनोरा, गाव आणि वर किल्ला असं एकत्र चित्र गावातून मिळतच नाही, त्यासाठी नदीवर किंवा पलीकडे असावं लागतं. रोसात्सच्या बाजूला जाणारी छोटी होडी आहे, माणसं आणि सायकली नेते. तिच्या वेळा जुळल्या तर ठीक, पण चार तासांच्या थांब्यात मी तो धोका पत्करणार नाही. बोट निघताना तेच चित्र गच्चीवरून फुकट मिळतं.

रस्ता, खाणं, खरेदी

मुख्य रस्ता शांत वाटतो याचं कारण महामार्ग डोंगराच्या पोटातल्या बोगद्यातून गेला आहे. फरसबंदी खडबडीत आहे, चाकाच्या खुर्चीला हळू चालावं लागतं, पण जाता येतं. दुकानांच्या पाट्यांवर डोळे न खिळवता घरांच्या वरच्या मजल्यांकडे पाहा. १६व्या-१७व्या शतकातली घरं आहेत, बाहेर झुकलेल्या खिडक्यांची. क्लारा पंथाच्या जोगिणींचा जुना मठ आता हॉटेल आहे, जुन्या राजवाड्याचंही हॉटेल झालं आहे.

खाण्यात पहिला मान जर्दाळूचा. ऑस्ट्रियात त्याला मारिले म्हणतात, आणि ‘वाखाउअर मारिले’ हे नाव १९९६ पासून युरोपीय संघात संरक्षित आहे. मुरंब्याच्या बरणीवर नेमकं हेच नाव आहे का ते बघा. नुसतं खोऱ्याचं चित्र असेल तर फळ कुठलंही असू शकतं. मार्च अखेर ते एप्रिलमध्ये झाडं फुलतात, जुलैत फळ येतं. जुलैत गेलात तर मुरंबा सोडा, ताजं फळ खा. मारिलेनक्न्योडल हा पदार्थ चुकवू नका: दही-पनीराच्या जातीच्या टोपफेनच्या किंवा बटाट्याच्या पिठात अख्खं जर्दाळू भरून उकडतात आणि लोण्यात परतलेल्या पावाच्या चुऱ्यात घोळवतात. शाकाहारी माणसाला पोटभर होतं, फक्त पिठात अंडं असतं ते लक्षात ठेवा. दुसरी वस्तू म्हणजे वाखाउअर लाबर्ल, गहू आणि राय नावाचं धान्य यांचा गोल, कुरकुरीत पाव. तो याच गावच्या बेकरीतून आला. सकाळी घ्या, दुपारपर्यंत संपतो.

वाइनची बाटली घेणार असाल तर लेबलवरचे तीन शब्द पुरेत. श्टाइनफेडर सर्वांत हलकी, अल्कोहोल ११.५ टक्क्यांपर्यंत. फेडरश्पील मधली, १२.५ पर्यंत. स्माराग्ड भारी, १२.५ पासून पुढे. पहिलीचं नाव मळ्यांत उगवणाऱ्या पिसासारख्या गवताचं, तिसरीचं उन्हात दगडांवर पडणाऱ्या पाचूच्या रंगाच्या सरड्याचं. द्राक्षं मुख्यतः दोन, ग्र्यूनर वेल्टलिनर आणि रीसलिंग. वाइन नको असेल तर द्राक्षाचा रस सगळीकडे मिळतो. दारावर हिरव्या फांद्यांची जुडी टांगलेली दिसली तर तिथे शेतकरी स्वतःची वाइन आणि थंड पदार्थ देत बसला आहे असं समजा. अशा ठिकाणी रोख पैसे लागू शकतात.

सामानाचा विचार आधी करा. मुरंबा विमानाच्या नियमांत द्रव धरला जातो, १०० मिलिलीटरच्या वरची बरणी हातातल्या बॅगेतून जाणार नाही. भारतात परतताना दारू दोन लिटरपर्यंतच शुल्काशिवाय नेता येते. एकाच दुकानात ७५ युरोंच्या वर खरेदी झाली तर करपरताव्याचा अर्ज मागून घ्या आणि युरोपीय संघातून बाहेर पडताना विमानतळावर शिक्का मारून घ्या.

गावकऱ्यांशी वागताना

ड्युर्नश्टाइनची लोकसंख्या ९०० च्या आत आहे आणि एका बोटीत दीडशे ते १९० माणसं असतात. तीन बोटी एकदम लागल्या की पाहुणे गावाच्या निम्म्याहून जास्त होतात. सगळं खोरं २००० पासून जागतिक वारसा यादीत आहे, पण या घरांत माणसं राहतात. उघड्या अंगणात शिरू नका, खिडकीतून आत कॅमेरा धरू नका. द्राक्षाचे घोस वाटेवर लोंबत असले तरी तोडू नका. डोंगरावरच्या मळ्यांच्या पायऱ्यांना आधार देणाऱ्या भिंती चुन्याशिवाय, नुसते दगड रचून उभ्या केलेल्या आहेत. त्यावर चढून बसलं की दगड सुटतो आणि ती दुरुस्त करायला कुणाचा तरी दिवस जातो. दुकानात शिरताना ‘ग्र्यूस गॉट’, म्हणजे तिथला नमस्कार, म्हणा, एवढ्याने समोरच्याचा चेहरा बदलतो. गटाने फिरत असाल तर रस्ता अडवून उभे राहू नका, तिथून शाळेतली मुलं आणि टपालवालाही जात असतो.

निघताना

१२:१० ला धक्क्यावर. बोटीचं कार्ड दाखवून आत गेलात की खोलीत जाऊ नका, थेट गच्चीवर जा. बोट मेल्ककडे, म्हणजे प्रवाहाविरुद्ध निघाली, तर पुढे तोंड करून उजव्या बाजूला उभे राहा. सुरुवातीच्या काही मिनिटांत मनोरा आणि किल्ला एका चौकटीत येतात. नंतर त्याच बाजूला वाइसेनकिर्शेन, मग सांक्ट मिखाएलचं तटबंदीचं चर्च, ज्याच्या छपरावर सशांच्या छोट्या मूर्ती आहेत, आणि श्पिट्सचा द्राक्षांनी झाकलेला डोंगर. चांगल्या वर्षी त्यातून हजार बादल्या वाइन निघते म्हणून त्याला हजार बादल्यांचा डोंगर म्हणतात. थोडं पुढे विलेनडोर्फ, जिथे १९०८ मध्ये ११ सेंटिमीटरची अश्मयुगीन स्त्रीमूर्ती सापडली. ती आता व्हिएन्नाच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात आहे. त्यानंतर डाव्या बाजूला या, कड्याच्या टोकावर आग्श्टाइन किल्ला दिसू लागेल. क्रेम्सकडे, म्हणजे प्रवाहाबरोबर निघालात, तर ड्युर्नश्टाइन डाव्या हाताला राहील आणि बोटीचा वेगही जास्त असेल, म्हणून कॅमेरा दोर सुटायच्या आधीच तयार ठेवा.